हल्ली मुक्काम डिंडोली

सुरत शहराच्या आग्नेयेस, उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत डिंडोली नावाची वस्ती आहे. एके काळी ते शेतीवर जगणारे खेडे होते. आज ते सुरत महानगरात पार मिसळून गेले आहे. जुन्या गावठाणाभोवती सोसायट्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि त्या सोसायट्यांच्या ओट्यांवर सकाळच्या प्रहरी जे बोलणे कानावर पडते ते पुष्कळदा गुजराती नसते, तर अहिराणी असते. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली हजारो खानदेशी कुटुंबे डिंडोलीत आणि शेजारच्या उधना, लिंबायत या भागांत स्थिरावली आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांची तिसरी पिढी आता तेथेच शाळेत जाते आहे.

या लोकांच्या घरची लग्नपत्रिका पाहावी. तीत वधूवरांच्या वडिलांच्या नावाखाली दोन गावे छापलेली असतात. आधी मूळगाव, तालुका आणि जिल्हा. मग दोनच अक्षरे, ‘ह. मु.’, म्हणजे हल्ली मुक्काम, आणि त्यापुढे डिंडोली, सुरत. चाळीस-पन्नास वर्षे एका ठिकाणी राहिल्यावर, तेथे घर बांधल्यावर आणि तेथेच मुलांची लग्ने केल्यावरही माणूस त्या जागेला ‘मुक्काम’च म्हणत राहतो, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. या दोन पत्त्यांच्या दरम्यान जे घडले, तोच या समाजाचा इतिहास होय. आणि तो अद्याप कोणी लिहिलेला नाही.

न लिहिला जाण्याचे कारण साधनांचा अभाव हे नव्हे. मराठी भाषेला घराण्यांच्या इतिहासाची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली प्रसिद्ध केला, तो पानिपताच्या काळातील पत्रांचा होता. त्यानंतर सबंध आयुष्य ते गावोगावची दप्तरे धुंडाळीत हिंडले. त्यांचे अखेरचे दिवस खानदेशातच, धुळ्यास गेले. 1926 च्या अखेरीस त्यांचे निधन झाल्यावर धुळ्याच्या लोकांनी 1927 साली राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. म्हणजे जुने कागद गोळा करण्याचा धडा ज्या भूमीत घातला गेला, तिचीच ही डिंडोलीकर लेकरे आहेत. पुढे विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून घेतले. परंतु ते कुलवृत्तांत चाळले असता एक गोष्ट ध्यानात येते. ज्या घरी वतन होते, सनद होती, इनामाचा तंटा होऊन दफ्तरी कागद साचले होते, त्याच घराण्यांचे वृत्तांत लिहिले गेले. ज्याच्या घरी नांगर होता पण सनद नव्हती, त्याची वंशावळ आजोबांच्या नावापाशी थांबते. मागावर कपडा विणणाऱ्याची तर तिथवरही जात नाही.

खानदेश आणि सुरत यांचे नाते नवे नाही. तापी नदी खानदेशातून वाहत सुरतेच्या समुद्राला मिळते, आणि माल व माणसे फार पूर्वीपासून त्याच खोऱ्याने जात-येत आली. परंतु सामान्य कुटुंबाला ही वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती ताप्ती व्हॅली रेल्वेमुळे. सुरतेपासून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा हा मार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला. त्यावेळी सुरत आणि खानदेश हे एकाच मुंबई इलाख्यातील दोन जिल्हे होते. अमळनेरचा माणूस सुरतेस गेला तर तो ‘परप्रांतात’ गेला असे कोणी म्हणत नसे. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली, पश्चिम खानदेशातील काही गावेही गुजरातकडे गेली, आणि जी वाट घरातल्या घरात होती तिच्यावर सीमा आली. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर तर ही सीमा फलाटावरूनच जाते. अर्धे स्थानक एका राज्यात आणि अर्धे दुसऱ्या राज्यात.

कुटुंबाचा शोध घेणाऱ्याने या बदलांची याद पक्की ठेवली पाहिजे, नाहीतर तो चुकीच्या कचेरीच्या दारात जाऊन उभा राहील. शहादे तालुक्यातील एखादे खेडे घ्यावे. पणजोबांच्या कागदावर त्याचा जिल्हा खानदेश असेल. 1906 साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा आजोबांच्या कागदावर पश्चिम खानदेश येईल. वडिलांच्या दाखल्यावर धुळे, आणि 1 जुलै 1998 नंतरच्या कोणत्याही उताऱ्यावर नंदुरबार. गाव तसूभरही हलले नाही, पण त्याचा पत्ता तीन वेळा बदलला. नंदुरबारच्या माणसाचा जुना कागद धुळ्याच्या दप्तरखान्यात निघण्याचा संभव असतो, तो यामुळे.

गावातील कागद कोणते? जमीन असलेल्या घराला सातबाराचा उतारा माहीत असतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाची आहे ती फेरफाराची नोंद. खातेदार मरण पावला की वारसांची नावे फेरफाराला लागतात. तेथे मुलगे, विधवा, कधी मुलीसुद्धा, नाव आणि वयासह एका ठिकाणी सापडतात. कोणी हिस्सा सोडला, कोणी विकला, कोणत्या साली गहाण टाकला, हेही तेथेच उलगडते. एखाद्या भावाच्या नावापुढे ‘सुरतेस राहतो’ अशा अर्थाचे तीन शब्द तलाठ्याने लिहून ठेवले असतील, तर स्थलांतराचा तो पहिला लेखी पुरावा समजावा. ज्यांना जमीन नव्हती त्यांच्यासाठी गाव नमुना चौदा, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, हाच आधार. गावातील जन्म आणि मृत्यू कोतवाल त्यात नोंदवीत असे. एकोणिसाव्या शतकातील आणि त्यानंतरचीही बरीच पाने मोडी लिपीत आहेत. मोडी वाचणारे दुर्मिळ झाले होते. परंतु 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदींचा शोध घेऊ लागली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. सरकारी दाखल्याच्या गरजेने का होईना, जी दप्तरे पिढ्यान्‌पिढ्या कोणी सोडली नव्हती ती सोडली गेली.

डिंडोलीच्या घरांनाही ही गरज अपरिचित नाही. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढताना अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त व भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गांना 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. सुरतेत जन्मलेल्या मुलाने कधीही न पाहिलेल्या गावातील, कधीही न पाहिलेल्या पणजोबांचा कागद शोधावयाचा असतो. पुष्कळ घरांत वंशावळ पहिल्यांदा कागदावर उतरते ती अशी, शपथपत्राला जोडण्यासाठी. काम झाले की ती फाइलीत पडते आणि कोणी तिच्याकडे पुन्हा पाहत नाही. वस्तुतः इतिहासाचे काम तेथून सुरू व्हावयास हवे.

शाळेचे जनरल रजिस्टर हे या सर्वांत सुलभ साधन. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडण्याचे कारण त्यात असते. ‘कामासाठी परगावी’ किंवा ‘वडिलांबरोबर गेला’ एवढ्या नोंदीने एका घराच्या प्रस्थानाचा महिना ठरून जातो. मात्र रजिस्टरावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. त्यातील निम्मी मुले 1 जूनला जन्मलेली दिसतात! मुलाला शाळेत बसविताना आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी वर्षाच्या हिशेबाला सोयीची अशी 1 जून लिहून टाकीत. ज्या पिढीचा वाढदिवस अशा रीतीने एका दिवसावर आला, तिच्या जन्माचे खरे साल शोधावयाचे तर कोतवाल बुकाकडे किंवा घरातील म्हाताऱ्या माणसाकडेच गेले पाहिजे.

कागदापेक्षा जुने साधन म्हणजे भाट. काही वर्षांच्या अंतराने गावात यावे, यजमानाच्या ओसरीवर पोथी सोडावी, पूर्वजांची नावे खड्या आवाजात वाचावी, नव्याने जन्मलेल्यांची नावे लिहून घ्यावी आणि दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जावे, असा त्यांचा क्रम. गुजरातेत हाच व्यवसाय करणाऱ्यांना वहीवंचा बारोट म्हणतात. त्यांच्या वह्यांचा अभ्यास ए. एम. शहा आणि आर. जी. श्रॉफ या दोघा विद्वानांनी 1958 साली प्रसिद्ध केला. या पोथ्यांचा आरंभीचा भाग देवदेवता, ऋषी आणि सूर्यचंद्र वंश यांनी व्यापलेला असतो. तो श्रद्धेचा विषय आहे, इतिहासाचा नव्हे. परंतु अलीकडच्या पाच-सात पिढ्यांची नावे जेव्हा फेरफाराच्या नोंदींशी जुळतात, तेव्हा ती पोथी बाजूस सारता येत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही अशाच. अस्थी घेऊन गेलेल्या मुलाने तेथे आपल्या हाताने नाव-गाव लिहिलेले असते, आणि स्वतःच्या आजोबांचे हस्ताक्षर नातवाला प्रथमच पाहावयास मिळते ते तेथे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील युटा प्रांताच्या वंशशास्त्र संस्थेने घेतली आहेत. इतके त्यांचे मोल परदेशातही जाणले गेले.

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. 1880 सालच्या खानदेश गॅझेटियरमध्ये रेवे, दोरे, लेवे अशा शेतकरी समाजांची माहिती आहे, आणि त्यांचे पूर्वज गुजरातेकडून खानदेशात आले अशी परंपरा त्यांच्यात सांगितली जाते. म्हणजे आज डिंडोलीत राहणाऱ्या काही घरांच्या पोथीत कित्येक पिढ्यांपूर्वी गुजरात सोडल्याची कथा असेल, आणि त्याच घरचा नातू उलट्या दिशेच्या गाडीने गुजरातेत परतला असेल. मूळगाव कोणते आणि मुक्काम कोणता, हे ठरविताना किती मागे जावयाचे?

सुरतेकडील कागदांत वेगळीच अडचण उभी राहते, ती नावांची. खानदेशात ‘पाटील’ हे आडनाव अमाप आहे. मुळात ते हुद्द्याचे नाव; त्याच्याखाली पवार, सोनवणे, देवरे, साळुंखे अशी कुळाची नावे झाकून गेली. गुजराती कारकुनाच्या लेखणीतून ‘पाटील’चे ‘पटेल’ होण्यास वेळ लागत नाही. ‘चौधरी’ हे खानदेशातील एका समाजाचे आडनाव, तर सुरतेच्या पूर्वेकडील तालुक्यांत ते आदिवासी जमातीचे नाव. रामदासराव गुजराती कागदावर रामदासभाई होतात, सुमनबाई सुमनबेन होतात. एकाच माणसाचे शाळेच्या दाखल्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे आणि वीजबिलावर तिसरे नाव असले, तर ती तीन माणसे नव्हेत हे सिद्ध करण्यातच संशोधकाचे चार दिवस जातात.

आणि मुख्य कामाचा तर कागदच नाही. 1972 च्या दुष्काळाने खानदेशातील कित्येक घरे हलली. गावाजवळच्या कापडगिरण्या पुढे मंदावल्या, तशी आणखी हलली. सुरतेत यंत्रमाग वाढत होते, रंगाई-छपाईचे कारखाने निघत होते, उधना आणि पांडेसरा येथे औद्योगिक वसाहती झाल्या होत्या. माणूस नात्यातल्या माणसाच्या ओळखीने खात्यात लागे. नेमणुकीचे पत्र मिळत नसे, हजेरीचे कार्ड क्वचित. तीस वर्षे मागापाशी उभे राहून ज्याचे कान बधिर झाले, त्याने त्या तीस वर्षांत काम केले असा एक चिटोराही घरात नसतो. जान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातेतील श्रमिकांचा काही दशके बारकाईने अभ्यास केला आहे, आणि त्या ग्रंथांतून या कामाची रीत समजते. परंतु कोणत्या घरचा कोण माणूस कोणाच्या आधाराने कोणत्या साली आला, हे समाजशास्त्राचे काम नव्हे. ते घरच्यांनीच लिहिले पाहिजे, आणि त्याला साधन एकच, माणसाची आठवण.

आठवणीला सन नसतो, प्रसंग असतो. ‘दुष्काळात आलो’, ‘थोरला रांगत होता तेव्हा आलो’, असे उत्तर मिळते. सुदैवाने सुरतेच्या अलीकडच्या इतिहासात खुणेचे दगड पुष्कळ आहेत. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे सुरत सोडून गेली. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला, आणि पत्र्याच्या पेट्यांतील कागदांचा तेव्हा किती लगदा झाला असेल याची कल्पनाच केलेली बरी. 2020 च्या टाळेबंदीत माणसे पुन्हा गावाकडे निघाली. या प्रसंगांच्या आधी की नंतर, असे विचारीत गेले म्हणजे साल हाती लागते. परंतु सावध राहावे. आजी ‘पलेगाच्या साली’ म्हणते, तेव्हा तो 1994 चा असेल, किंवा तिच्या सासूच्या तोंडून ऐकलेला, 1896 साली मुंबईत सुरू होऊन पुढे इलाखाभर पसरलेला असेल. दोहोंमध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे, आणि तिच्या बोलण्यात ते एका वाक्याचेही नसते.

डिंडोलीत जे पहिल्यांदा आले ते आता सत्तरीच्या घरात आहेत, आणि दरसाल त्यांच्यातील काहीजण कमी होतात. नातवंडे गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालविते, ही समाधानाची बाब खरी. पण घरोघरच्या पेट्यांत पडलेली, गावाहून आलेली जुनी पोस्टकार्डे वाचावयास मराठीचे शालेय ज्ञान पुरत नाही. त्यांतील अर्धी भाषा अहिराणी आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात 1907 साली खानदेशीची नोंद झाली. परंतु सर्वेक्षणात नोंदली गेलेली बोली आणि आजीच्या पत्रातील बोली यांचे नाते सांगणारा घरात कोणीतरी हवा. नवे घर बांधताना सर्वांत आधी फेकली जाते ती जुनी पेटी.

सर्वांत मोठी उणीव मात्र कागदांतही आहे आणि आठवणींतही, ती स्त्रियांची. भाटाची पोथी पुरुषांची नावे ओळीने सांगते; सून ‘अमक्या कुळाची लेक’ म्हणून आली तर आली. लग्नानंतर तिचे माहेरचे आडनाव जाते, काही घरांत पहिले नावही बदलते. ख्रिस्ती समाजात ही अडचण पुष्कळ कमी आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली विवाहाच्या नोंदी ठेवण्याचा नियम केला, तेव्हापासून धर्मग्रामाच्या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा प्रघात पडला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाबरोबर आईचे नाव असते, शिवाय धर्ममातापित्यांचेही. त्यामुळे वसईकडील एखाद्या घराला आजीच्या माहेरापर्यंत मागे जाता येते. डिंडोलीच्या बहुतेक घरांपाशी अशी वही नाही. तेथे आईची बाजू तोंडीच विचारून घ्यावी लागते, आणि ज्यांना विचारावयाचे त्या बायांना ‘आमचं काय लिहायचं?’ असे म्हणण्याची सवय लागलेली आहे.

खानदेशाने या प्रश्नाचे उत्तर एकदा दिलेले आहे. आसोद्याच्या लेकी बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्या रचीत गेल्या, आणि घरच्या माणसांनी ते उतरून ठेवले. 1951 साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रकाशात आली. घरातील कोणी लिहून ठेवले नसते, तर मराठी भाषा केवढ्या धनाला मुकली असती! प्रत्येक आजी बहिणाबाई नसते हे खरेच. पण आपण कोणत्या गाडीने, कोणाबरोबर, कडेवर कोणते मूल घेऊन उधन्याला उतरलो, हे प्रत्येक आजीला सांगता येते.

असे विचारून घेण्यास वर्षातील एक दिवस विशेष सोयीचा आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाईची स्थापना होते. सुरतेतील खानदेशी वस्त्यांतही हा उत्सव थाटाने होतो. त्या वेळचे रोट फक्त भाऊबंदांनीच खावयाचे असतात, म्हणून दूरदूरचे भाऊबंद एका छपराखाली येतात. अनेक घरांत रोटासाठी गहू मोजून घेतात ते घरातील पुरुषांच्या गणतीने, माणशी सव्वा मूठ या हिशेबाने. एका अर्थी ही त्या कुळाची दरसालची शिरगणतीच होय, आणि ती कोणत्याही दप्तराहून जुनी आहे. फक्त तिची नोंद उरत नाही, गहू दळले जातात. त्या रात्री जागरण असते, गाणी चाललेली असतात, म्हाताऱ्या बाया जाग्या असतात. दोनशे पानी साधी वही घ्यावी. धान्य मोजताना ज्यांची नावे घेतली जातात ती डाव्या पानावर लिहावी, आणि उजव्या पानावर, त्याच ओळीत, त्या घरी आलेल्या सुनेचे माहेरचे नाव, तिचे गाव, आणि ती डिंडोलीस प्रथम कोणत्या साली आली ते.